शमशोनच्या आईला मिळालेला निरोप



शास्ते ग्रंथाच्या 13 व्या अध्यायात परमेश्वराचा दूत मानोहाच्या पत्नीला भेटतो. तुला मुलगा होईल, असे सांगून तो लगेच बजावतो की, द्राक्षारस किंवा मद्य पिऊ नकोस. शमशोनचे व्रत आईच्या उदरातच सुरू झाले.

आईने घेतलेले मद्य वारेतून बाळाच्या रक्तात जाते. बाळाचे यकृत कोवळे असते, त्याला ते पचवता येत नाही. मेंदू तर नऊही महिने घडत असतो. म्हणून कोणताच महिना सुरक्षित नाही आणि थोडीशी वाईन किंवा बिअरही निर्धोक नाही. 1973 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी या विकाराला नाव दिले. असे मूल पुढे विसरते, अभ्यासात मागे पडते, चटकन चिडते. आपण त्याला हट्टी म्हणून मारतो. पण इजा मेंदूला झालेली असते आणि ती आयुष्यभर राहते.

मग दोष एकट्या आईचा का? लग्नात, स्नानसंस्काराच्या जेवणात आग्रहाने ग्लास पुढे करणारे आपणच असतो. मानोहाने प्रार्थना केली, दूत पुन्हा आला आणि तोच निरोप पतीनेही ऐकला. बाळ येणार असलेल्या घरात पतीनेही ग्लास बाजूला ठेवावा. नकळत घेतले गेले असेल, तर त्या बहिणीला बोल लावू नये. आज थांबली तरी बाळाचे भलेच होते.

उदरातील प्रत्येक बाळाला जपण्याची सुबुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.