ठेका कोणाचा? : ‘झिंगाट’च्या आनंदाविषयी

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटातील ‘झिंगाट’ हे अजय-अतुल यांचे गाणे पिंपरी-चिंचवडच्या विसर्जन मिरवणुकीत लागते, तेव्हा नाचणाऱ्यांपैकी अनेक जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून आलेले असतात. त्यांच्या आनंदाचे स्वरूप काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला क्षुल्लक वाटत आला आहे. करुण रस सुखद कसा, याविषयी आपली रसचर्चा विपुल बोलली. उडत्या चालीचे गाणे सुखद का, हे मात्र तिने उघडच मानले.

या आनंदावरील सर्वांत कठोर आक्षेप थिओडोर अडोर्नो यांनी लोकप्रिय संगीतावरील १९४१ च्या निबंधात घेतला. यांत्रिक श्रमाने शिणलेल्या माणसाला विरंगुळाही त्याच साच्याचा लागतो. ठरीव ठेक्याला अंग देणारा श्रोता आज्ञापालनाचाच सराव करतो, असा त्याचा आशय. जुळणीच्या लाइनवर ठरलेल्या सेकंदांत तेच बोल्ट आवळणाऱ्या कामगाराच्या संदर्भात हा आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही.

परंतु दोन प्रकारच्या पुनरावृत्तींमधील भेद त्यात पुसला जातो. लाइनवरची पुनरावृत्ती माणसावर लादलेली असते. गाण्यात ठेका एकदा मनात बसला की पुढची मात्रा श्रोता स्वतःच धरतो. आघात किंचित हुलकावणी देतो आणि ती रिकामी जागा श्रोत्याचे अंग भरून काढते. ताल पूर्ण होण्यास त्याची संमती लागते. हा अनुभव या परिसराला नवा नाही. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या संकलनातील जात्यावरच्या ओव्यांत लगतच्या मावळ-मुळशीतील स्त्रियांचा मोठा वाटा आहे. दळणाचे कष्ट त्यांनी हौसेने पत्करले नव्हते. तरी जात्याचा वेग ओवी म्हणणारीच्या हातात होता. लाइनचा वेग कामगाराच्या हातात नसतो. ‘झिंगाट’ त्याला काही मिनिटांपुरती का होईना, स्वतःच्या हालचालीची मालकी परत देते. त्या आनंदाचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

तरीही नैतिक प्रश्न उरतोच. चित्रपटात पाटलाची आर्ची आणि मासेमाराचा परश्या याच गाण्यावर नाचतात. चित्रपटगृहांत प्रेक्षकही उठून नाचले. पुढे जातीची प्रतिष्ठा त्या दोघांचा जीव घेते आणि अखेरच्या दृश्यातून मंजुळे ध्वनीच काढून घेतात. नाचलेल्या प्रेक्षकाला ती शांतता अधिक बोचते. काय हिरावले गेले, हे त्याच्या अंगाला ठाऊक असते. येथे आनंद दुःखाचा विसर पाडत नाही, त्याची साक्ष देतो.

मिरवणुकीत मात्र हे गाणे त्या शेवटाविना वाजते. खांद्याला खांदा लावून नाचणारी माणसे सोयरीक जुळवताना पुन्हा जात विचारू शकतात. म्हणून हा आनंद खोटा ठरविणे जसे अन्यायाचे, तसेच तो पुरेसा मानणेही. ज्याच्यासोबत आपण नाचलो, त्याच्याविषयी आपले काही देणे लागते काय, हा प्रश्न गाणे विचारीत नाही. तो आपण विचारावयाचा असतो.