भूक आणि सभागृह

बुलढाणा जिल्ह्यातल्या रेशन दुकानात प्राधान्य कुटुंबासाठी काट्यावर पडणारं माणशी 5 किलो धान्य ही मेहरबानी नाही; 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. हक्क कायद्यातून येतो आणि कायदा सभागृहात होतो; म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमासारखी संस्था नुसती धान्याची पोती पोचवून थांबत नाही, लोकप्रतिनिधींशीही बोलते. कुणी म्हणेल, कायद्याच्या कागदाने पोट भरतं का? नाही भरत. पण 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना मिळालेलं काम सरकारच्या मर्जीवर होतं; विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला 1977च्या कायद्याने बळ दिलं आणि काम मागणं हा अधिकार झाला. दान आटतं, हक्क मात्र ताठ मानेनं मागता येतो. भुकेची खबर सभागृहापर्यंत नेमकी पोचवणं, हीसुद्धा अन्नसेवाच आहे.