आपण जिंकलों!

दुसऱ्याच्या दुःखानें मनुष्याला दुःख होतें, ह्या गोष्टीचें नीतिशास्त्रकारांनीं आजवर पुष्कळ कौतुक केलें आहे. तिला दया, करुणा, भूतदया अशीं नांवें देऊन त्यांनीं सद्गुणांच्या पंक्तींत तिला वरचें पान मांडलें. परंतु दुसऱ्याच्या विजयानें मनुष्याला जें सुख होतें त्याचा विचार मात्र फारसा कोणीं केलेला दिसत नाहीं. वास्तविक हें सुख लहानसहान नव्हे, आणि दुर्मिळ तर नव्हेच नव्हे. ज्याच्या कपाळाला घामाचा थेंबहि आला नाहीं असा गृहस्थ, दुसऱ्यांनीं जिंकलेल्या सामन्याची वार्ता ऐकून खुर्चींतून उठतो आणि "जिंकलों!" म्हणून ओरडतो. "ते जिंकले" असें तो म्हणत नाहीं. हा प्रथमपुरुष तेथें कोठून आला, आणि त्याला तेथें बसण्याचा अधिकार कोणीं दिला, हा प्रश्न वरवर पाहतां व्याकरणाचा वाटतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

ह्या प्रश्नाचा विचार नुसत्या हवेंत करण्यापेक्षां एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून करणें बरें. अमेरिकेंतील नेब्रास्का हें मक्याचें आणि गुरांचें राज्य. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल ह्या खेळांच्या बड्या धंदेवाईक संघांपैकीं एकहि त्या राज्यांत नाहीं. त्यामुळें लिंकन शहरांतील विद्यापीठाचे संघ हेच साऱ्या राज्याचे संघ होऊन बसले आहेत. आणि त्यांतहि विद्यार्थिनींचा व्हॉलीबॉल संघ हा घरोघरच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजीं विद्यापीठानें ह्या संघाचा सामना फुटबॉलच्या उघड्या प्रेक्षागारांत भरविला, तेव्हां तो पाहावयास ९२,००३ माणसें जमलीं. शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई करणारा अमेरिकन कायदा १९७२ सालचा. त्यापूर्वीं मुलींच्या खेळासाठीं एवढा समुदाय लोटेल असें कोणीं म्हटलें असतें, तर ऐकणारे हंसले असते. शिवाय हा खेळ मूळचा मुलींसाठीं निघालेला नाहीं. १८९५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील होलियोक गांवीं विल्यम मॉर्गन ह्यांनीं तो बसविला, तो ज्यांना बास्केटबॉलची दगदग सोसत नाहीं अशा मध्यमवयीन व्यापारी मंडळींसाठीं. आज खेळ मुलींकडे गेला आहे, आणि मध्यमवयीन मंडळी खुर्चींत बसून "जिंकलों" म्हणत आहेत.

त्या मोठ्या सामन्यानंतर दोनच आठवड्यांनीं हा संघ दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या घरीं खेळावयास गेला. स्टॅनफर्डच्या पदरीं तोंवर नऊ राष्ट्रीय अजिंक्यपदें जमा होतीं, नेब्रास्काच्या पदरीं पांच. नेब्रास्काच्या कित्येक प्रमुख खेळाडू महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षांत शिकत होत्या. हंगाम डिसेंबरपर्यंत चालावयाचा. सप्टेंबर म्हणजे त्याचा केवळ आरंभ. तरीहि परमुलखांत जाऊन ह्या मुली जिंकल्या. अशा विजयानंतर घरीं राहिलेल्या चाहत्यांचें संभाषण कसें रंगतें, हें कोणत्याहि देशांतील वाचकाला सांगावयास नको. कोणाच्या हातावर पहिला चेंडू नीट आला, कोणी तो उंच चढवून दिला, ऐन वेळीं कोण डगमगली नाहीं, ह्याचा हिशेब सुरू होतो. मग कोणी तरी उतावळा डिसेंबरांतील अजिंक्यपद सप्टेंबरांतच पदरांत पाडून घेतो, आणि कोणी तरी अनुभवी मनुष्य त्याला आवरतो. परंतु उतावळा असो कीं सावध असो, दोघांच्याहि तोंडीं सर्वनाम एकच असतें.

इंग्रजींत ह्या ठिकाणीं एका शब्दावर भागतें; मराठींत तसें भागत नाहीं. आपल्या भाषेनें 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द निराळे ठेवले आहेत. 'आम्ही'मध्यें ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्यें तो आंत येतो. सामना खेळून परतलेली मुलगी "आम्ही जिंकलों" असें म्हणाली, तर तें निव्वळ सत्य होय. तेंच वाक्य एखाद्या चाहत्यानें तिच्यापुढें उच्चारलें, तर तिला हंसूं आवरणार नाहीं. "आपण जिंकलों" हें मात्र त्याला म्हणतां येतें. पण 'आपण' म्हणणें हें एक प्रकारचें आमंत्रण आहे, आणि आमंत्रण देण्याचा अधिकार ज्यांचें घर त्यांचा. खेळाडूनें चाहत्याला 'आपण' म्हणावें हें तिचें औदार्य. चाहत्यानें आपण होऊन तिला 'आपण' म्हणावें, ही मात्र आगंतुकाची सलगी होय. ती शोभते केव्हां आणि खटकते केव्हां, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

ती खटकते केव्हां, ह्याचें एक उत्तर रॉबर्ट चाल्डीनी ह्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत सांपडतें. अमेरिकेंतील मोठमोठ्या विद्यापीठांत त्यांनीं असें पाहिलें कीं, फुटबॉलचा संघ शनिवारीं जिंकला म्हणजे सोमवारीं विद्यापीठाचें नांव मिरविणारे कपडे अंगावर घालून येणारे विद्यार्थी वाढतात. विद्यार्थ्यांना सामन्यांविषयीं प्रश्न विचारले असतां, विजयाची हकीकत सांगतांना 'आपण' हें सर्वनाम अधिक वेळां येई, आणि पराभवाची सांगतांना तें मागें पडे. संघ तोच, बोलणारा तोच; बदललें तें फळ, आणि फळाबरोबर सर्वनाम बदललें. हें 'आपण' उसनें आहे. त्याला विजयाच्या जेवणाचें पान हवें, पण उष्टीं काढावयाची वेळ आली म्हणजे तें परसदारानें निघून जातें.

गीतेचा अभ्यास ज्या घरांत होतो, त्या घरांतील वाचकाला ह्यांत आणखी एक विपरीत गोष्ट दिसेल. कर्माचा अधिकार आपला, फळाचा नव्हे, अशी गीतेची शिकवण. प्रेक्षकाची स्थिति नेमकी उलटी आहे. कर्म करण्याचा त्याला अधिकारच नाहीं. तो जाळ्याजवळ जाऊं शकत नाहीं, कीं चेंडूला बोट लावूं शकत नाहीं. आणि फळ तेवढें तो मागतो, नव्हे, खेळणारणीच्याहि आधीं उचलतो. कर्मावांचून फळ घेणाऱ्याला व्यवहारांत आपण चांगलें नांव देत नाहीं. मग येथेंच तें कां देतों?

परंतु एवढ्यावर निकाल दिला तर तो अन्यायाचा होईल. दुसऱ्याचें सुखदुःख आपलें करून घेण्याची शक्ति हीच जर चोरी ठरविली, तर नाट्यगृहांतील सगळे प्रेक्षक चोर ठरतील. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं ह्या शक्तीचा सूक्ष्म विचार केला आहे. रंगभूमीवरील राम हा परका नव्हे आणि मी स्वतःहि नव्हे. त्याचा शोक व्यक्तीचें बंधन सोडून सर्वांचा होतो, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो, असें साधारणीकरणाचें तत्त्व भट्टनायकानें मांडलें व अभिनवगुप्तानें त्याचा विस्तार केला. ज्याला असा आस्वाद घेतां येतो, त्याला त्यांनीं 'सहृदय' हें सुंदर नांव दिलें. आतां हा सहृदय कांहीं राज्याभिषेकापुरताच रामाजवळ राहत नाहीं. वनवासाचा प्रवेश लागला म्हणून तो 'हा राम आमचा नव्हे' असें म्हणून उठून जात नाहीं. करुणरसाचाहि तो तितकाच अधिकारी असतो. आमच्या मतें चाहत्याची परीक्षा हीच. पराभवाच्या दिवशीं ज्याच्या तोंडीं 'आपण' टिकतें, त्याला विजयाच्या दिवशीं तें म्हणण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याचें दुःख ज्यानें वांटून घेतलें, त्यानें सुखाचा वांटा घेतला तर त्याला चोर कोण म्हणेल?

येथें एक शंका येईल. पराभवांतहि 'आपण' म्हणणारे लोक नेहमीं सौम्य असतात असें नाहीं. उलट सर्वांत कडवट शिव्या त्यांच्याच तोंडून निघतात. "तिच्यामुळें आपण हरलों" ह्या वाक्यांत 'आपण' आहेच. पण जिच्यामुळें हरलों ती त्यांतून बाहेर काढलेली आहे. ही शंका खोटी नव्हे. २०१८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें खेळांवरील पैजांना आळा घालणारा कायदा रद्द केला, तेव्हांपासून अनेक राज्यांत पैजा राजरोस झाल्या. आणि पैज हरलेले लोक अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थी खेळाडूंना धमकीचे व शिवीगाळीचे निरोप पाठवितात, अशी तक्रार तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेनें वारंवार केली आहे. ह्यावरून एक भेद स्पष्ट होतो. 'आपण' हा शब्द नात्यानेंहि म्हणतां येतो आणि मालकीनेंहि म्हणतां येतो. मुलगी परीक्षेंत नापास झाली म्हणजे बाप जें दुःख करतो तें नात्याचें. शर्यतींत घोडा मागें पडला म्हणजे धनी जें दुःख करतो तें मालकीचें. बापाच्या दुःखांत मुलीच्या दुःखाला जागा असते. धन्याच्या दुःखांत घोड्याला जागा नसते. पराभवांत 'आपण' टिकलें पाहिजे, एवढें म्हणून भागत नाहीं. जी चुकली तिलाहि त्या 'आपण'मध्यें जागा राहिली पाहिजे.

व्हॉलीबॉल हा खेळ ह्या बाबतींत मोठा बोधप्रद आहे. ह्या खेळांत चेंडू कोणालाहि धरून ठेवतां येत नाहीं. हातीं आला कीं तो दुसरीकडे दिलाच पाहिजे. तीन स्पर्शांच्या आंत तो जाळ्यापलीकडे गेलाच पाहिजे. जी शेवटचा फटका मारते तिच्यासाठीं टाळ्या पडतात, पण तो फटका दुसरीनें उंच दिलेल्या चेंडूवर असतो, आणि तिला तो चेंडू तिसरीनें जमिनीवर लोळण घेऊन वांचवून दिलेला असतो. यश धरून ठेवूं नये, पुढें द्यावें, हा धडा ज्या खेळाच्या नियमांतच गोंवलेला आहे, त्या खेळाच्या चाहत्यानें मात्र यशावर मूठ आंवळून बसावें, हें विसंगत नव्हे काय?

आतां परमुलखांतील विजयाकडे वळूं. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाचें पारडें थोडें जड असतें, हें बहुतेक सर्व खेळांत आढळून आलें आहे. त्यामुळें घरच्या विजयांत आपल्या आरोळ्यांचाहि कांहीं हातभार होता, असें चाहता स्वतःला समजावूं शकतो, आणि तें अगदींच खोटें नसतें. दूरच्या मैदानावर हें समाधान उरत नाहीं. तेथल्या आरोळ्या परक्यांच्या, तेथला जयघोष प्रतिपक्षाचा. त्या मुलींनीं जें मिळविलें, तें आपला आवाज पोंचत नव्हता अशा ठिकाणीं मिळविलें. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर चाहत्याचा हक्क येथें शून्य ठरतो. आणि तरीहि त्याचा आनंद, घरच्या विजयापेक्षां कमी तर नाहींच, कांकणभर अधिकच असतो.

ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, घरच्या विजयाच्या आनंदांत थोडा अहंकार मिसळलेला असतो, आणि दूरच्या विजयांत तो मिसळावयास वाव नसतो. जें आपण मिळविलें नाहीं, जें मिळण्यास आपण तिळमात्र मदत केली नाहीं, तें कोणीं तरी आपल्याला आणून दिलें, ही भावना तेथें असते. तिचें खरें नांव कृतज्ञता. मुलगा परगांवीं नांव काढतो आणि त्याचें पत्र घरीं येतें, तेव्हां आई शेजारणींना तें वाचून दाखवितांना 'आमचा' म्हणते. त्यांत मालकी नसते, कृतकृत्यता असते. परमुलखांतील विजयावर चाहत्यानें म्हटलेलें 'आपण' असें असेल, तर तें सर्वांत निराधार असूनहि सर्वांत निर्मळ होय.

नेब्रास्काच्या त्या हंगामाचा शेवट सांगणें अवश्य आहे. नोव्हेंबरचा बराचसा भाग उलटेपर्यंत हा संघ एकहि सामना हरला नाहीं. आणि १७ डिसेंबर २०२३ रोजीं अंतिम सामन्यांत टेक्सासनें त्याचा ३-० असा धुव्वा उडविला. गंमत अशी कीं, त्याच टेक्सासनें हंगामाच्या आरंभीं पराभव चाखले होते. सप्टेंबरांत डिसेंबरचें फळ मोजणाऱ्यांचा हिशेब असा साफ चुकला. मग सप्टेंबरांतील तो आनंद खोटा होता काय? आनंद जर फळावरची उचल असेल, तर होय. ती उचल डिसेंबरांत व्याजासह फेडावी लागली. पण त्या दिवशीं त्या मुली जशा खेळल्या त्याबद्दलची ती कृतज्ञता असेल, तर पुढें कांहींहि घडलें तरी तिला धक्का लागत नाहीं. झालेलें चांगलें कृत्य नंतरच्या अपयशानें न झालेलें होत नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, 'आपण जिंकलों' हा उद्गार कोणीं बंद करूं नये. ज्या मनाला दुसऱ्याच्या यशानें उचंबळून येत नाहीं, तें मन कांहीं अधिक विवेकी नसतें; तें फक्त अधिक कोरडें असतें. मात्र तो उद्गार काढणारानें तोंडांतल्या तोंडांत आणखी दोन वाक्यें म्हणावयाची संवय ठेवावी. विजयाच्या दिवशीं, "जिंकल्या त्या, सुख मात्र मला दिलें," आणि पराभवाच्या दिवशीं, "हरलों आपण, आणि तीहि आपल्यांतलीच." ही दोन वाक्यें ज्याच्या मनांतून निघतात, त्याला खेळाडूंनीं आमंत्रण दिलें नसलें, तरी त्याचें पान मांडलेलेंच आहे असें समजावयास हरकत नाहीं.