दुसरं इंजिन

नोव्हेंबर २०१० मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने एका मसुद्याचं काम थांबवलं. मसुदा ‘वेब एसक्यूएल’चा होता. वेबपानाला वाचकाच्याच यंत्रावर माहितीचा साठा ठेवता यावा आणि त्यात हवं ते शोधता यावं, अशी ती सोय होती. सफारी, क्रोम आणि ऑपेरा यांनी ती आपापल्या ब्राउझरात आणलीही होती आणि प्रोग्रामर ती वापरत होते. अडचण वेगळीच निघाली. या सगळ्यांनी आतून ‘एसक्यूलाइट’ हे एकच सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. त्यामुळे मसुद्यात जिथे संदिग्धता होती तिथे निकाल मसुदा देत नव्हता, एसक्यूलाइट देत होतं. त्याच्या लकबी आणि त्याच्या चुकाही उद्या नियम म्हणून गणल्या गेल्या असत्या. स्वतंत्रपणे घडवलेली दुसरी अंमलबजावणी नसेल तर हे मानक पुढे नेता येणार नाही, असं नोंदवून संस्थेने विषय संपवला.

वेबच्या इतिहासातल्या फार शहाण्या निर्णयांपैकी हा एक आहे, असं मला वाटतं. ब्राउझर कोणता घ्यावा याची चर्चा आपण वेग, बॅटरी, पासवर्डची सोय यांवर करतो. ती चुकीची नाही. पण तिच्या मुळाशी एक प्रश्न उरतोच: वेबपानाने कसं दिसायचं, काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ठरवतं कोण? सर्वांना वाचता येतील असे लेखी नियम, की एका कंपनीच्या प्रोग्रामची सवय? ते नियम वाचून कोणीतरी दुसऱ्याने, स्वतःच्या बुद्धीने, चालतं इंजिन बांधलेलं असेल तोवरच लेखी नियमांना अर्थ असतो.

इंजिन म्हणजे ब्राउझरचा तो भाग, जो संकेतस्थळाकडून आलेला कोड वाचून त्याचं पान मांडतो. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट अशी नावांची रांग पाहिली की बाजारात भरपूर पर्याय आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात एकाच गिरणीचं पीठ वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवलेलं आहे. आयफोन सोडला तर या सगळ्यांच्या पोटात गूगलचं ‘ब्लिंक’ आहे. त्याखेरीज मोठ्या वापरातली इंजिनं दोनच: ॲपलचं ‘वेबकिट’ आणि मोझिलाचं ‘गेको’, म्हणजे फायरफॉक्सचं. जगातल्या वेबवापरापैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या क्रोममधून होतो. भारतात त्याचं प्रमाण याहून बरंच जास्त आहे.

एकाच इंजिनाचं राज्य आलं की काय होतं, हे जगाने एकदा पाहिलेलं आहे. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर फुकट देऊन मायक्रोसॉफ्टने नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरला बाजारातून हटवलं. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने त्यावर खटला भरला, पण निकाल आणि अपिलं होईपर्यंत नेटस्केप सावरण्यापलीकडे गेलं होतं. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. सातवी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांतला बराच काळ हातात नव्वद टक्क्यांहून अधिक बाजार होता आणि काही सुधारण्याची गरज उरली नव्हती. सातव्या आवृत्तीमागे मोठं कारण फायरफॉक्सचं होतं. नेटस्केपने १९९८ मध्ये खुला केलेला कोड, त्यावर अनेकांनी घेतलेली मेहनत आणि २००४ च्या नोव्हेंबरात आलेली पहिली आवृत्ती यांनी मायक्रोसॉफ्टला जागं केलं.

त्या काळाची खरी किंमत मात्र दक्षिण कोरियाने मोजली. अमेरिका तेव्हा मजबूत एन्क्रिप्शन असलेलं सॉफ्टवेअर परदेशी जाऊ देत नसे. म्हणून कोरियाने ‘सीड’ नावाची स्वतःची पद्धत तयार केली. हा निर्णय स्वाभिमानाचा होता आणि त्या घडीला योग्यही होता. पण ब्राउझरात सीड नसल्यामुळे ती ‘ॲक्टिव्हएक्स’ या जोडणीतून बसवली गेली, आणि ॲक्टिव्हएक्स चालायचं फक्त विंडोजवरच्या एक्सप्लोररमध्ये. अमेरिकेचे निर्बंध लवकरच सैल झाले, तरी कोरियातली बँकिंग, खरेदी आणि सरकारी कामं त्या एकाच ब्राउझरला बांधलेली राहिली. अशा जोडण्या बसवताना संगणक जे विचारेल त्याला ‘होय’ म्हणायची सवय लोकांना लागली, आणि हॅकरला याहून काही नको असतं. एका लोकप्रिय मालिकेच्या नायिकेने घातलेला कोट चीनमधल्या चाहत्यांना कोरियन संकेतस्थळांवरून विकत घेता येत नाही, ही तक्रार २०१४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क गून-ह्ये यांनी केली. जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेट सेवांपैकी एक असलेल्या देशाची ही गत होती, आणि तिच्यामागे कोणाचा कट नव्हता. ‘सगळे हेच तर वापरतात’ एवढ्या एका गृहीतकावर सरकारने नियम बांधले होते.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्या वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापले फॉण्ट वापरत. काही ठिकाणी फॉण्ट आधी उतरवून घ्यावा लागे. काही ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने तो आपोआप येई, पण फक्त एक्सप्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरात त्याच बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसे. त्या दिवसांत फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाचं एक्स्टेन्शन निघालं. तेलुगू, मल्याळम, देवनागरी अशा लिप्यांतली ही पानं ते वाचकासमोर युनिकोडमध्ये बदलून ठेवी. एखाद्या हौशी माणसाला हे करता आलं, कारण आलेलं पान वाचकाच्या सोयीने बदलण्याची मुभा त्या ब्राउझरने बाहेरच्या लोकांना दिलेली होती.

आणखी एक गोष्ट मला याहून मोलाची वाटते. आज फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत देवनागरीची जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी जागच्या जागी बसवण्याचं काम ‘हार्फबझ’ ही खुली लायब्ररी करते. म्हणजे इथे एकच कोड सगळे वापरतात आणि मराठीचं त्यात भलंच झालं आहे. मग माझा युक्तिवाद कोसळतो का? हार्फबझ कशी घडली ते पाहिलं की उत्तर मिळतं. तिच्या कर्त्यांनी विकिपीडियातल्या मजकुरातून लाखो देवनागरी शब्द घेतले आणि तेच शब्द मायक्रोसॉफ्टची स्वतंत्र व्यवस्था कसे मांडते याच्याशी एकेक करून ताडून पाहिले. जिथे फरक दिसला तिथे चूक कोणाची हे शोधलं. ताडून पाहायला दुसरी व्यवस्था होती म्हणून हे शक्य झालं. ती नसती तर ‘र्‍य’मधला अर्धा र चुकीचा उमटला असता आणि ते चुकीचं आहे हे दाखवायला आधारच उरला नसता. मराठी वळणाचा ल आणि श यांचंही तसंच. पानाने आपली भाषा मराठी आहे असं सांगायचं, फॉण्टमध्ये ती रूपं असायची आणि ब्राउझरने मधला निरोप नीट पोचवायचा. अशा बारीक गोष्टी कोणत्याही बड्या कंपनीच्या प्राधान्यक्रमात वर नसतात. त्या टिकतात त्या तुलनेमुळे, आणि तुलनेतून उठणाऱ्या तक्रारींमुळे.

क्रोमचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये तो आला तेव्हा प्रत्येक टॅब वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याची त्याची रचना सुरक्षेच्या दृष्टीने मोठी झेप होती. न विचारता होणारे अपडेट आणि जावास्क्रिप्टचा वेग यांनी सगळ्याच ब्राउझरांना धावायला लावलं. पण हे घडलं तेव्हा क्रोम आव्हान देणारा होता. आज तो सत्तेवर आहे, आणि त्याच्या मालकाचं मुख्य उत्पन्न जाहिरातींचं आहे.

तृतीय पक्षाच्या कुकी, म्हणजे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपला माग काढणाऱ्या खुणा, यांचं उदाहरण घ्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्यांच्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली आणि सफारीने २०२० मध्ये सगळ्याच बंद केल्या. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये तसं करण्याचं जाहीर केलं, तारखा पुढे ढकलत नेल्या आणि २०२४-२५ मध्ये बेत सोडून दिला. दुसरीकडे एक्स्टेन्शनचे नियम त्याने बदलले. पूर्वी जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन बाहेर जाणारी प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवू शकत असे. आता त्याने नियमांची यादी ब्राउझरच्या हाती द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. सुरक्षा आणि वेग ही कारणं गूगल देतं आणि त्यांत तथ्य आहे. तरीही परिणाम असा, की ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन मूळ रूपात आता फायरफॉक्समध्ये चालतं, क्रोममध्ये नाही. मोझिलाने नव्या पद्धतीबरोबर जुनी मुभाही ठेवली. दुसरं इंजिन नसतं तर ही मुभा कुठेच उरली नसती.

यावर एक उत्तर नेहमी येतं: क्रोम ज्यावर बांधलेला आहे त्या क्रोमियमचा कोड खुला आहे, पटत नसेल तर तो घेऊन वेगळे व्हा. कागदावर हे खरं आहे. पण वेगळं होणं म्हणजे दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या कोट्यवधी ओळींचा भार कायमचा अंगावर घेणं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियम घेत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे ना पैशांची वाण होती ना इंजिनिअरांची. त्यांना जे जड गेलं ते एखाद्या छोट्या गटाला पेलेल, हे पटणारं नाही.

उरलेल्या दोन इंजिनांची स्थितीही समाधानाची नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलकडूनच येतो, फायरफॉक्समध्ये गूगलचं सर्च आधीपासून बसवण्याबद्दल. ॲपललाही त्याच कारणासाठी पैसे मिळतात. २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर मिळाल्याचं गूगलवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. याच खटल्यात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला सर्चमधली बेकायदा मक्तेदारी राखल्याबद्दल दोषी धरलं. सप्टेंबर २०२५ च्या उपायांत मात्र त्यांनी क्रोम विकायला लावलं नाही आणि हे पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. पैसे थांबले तर फायरफॉक्सच संकटात येईल, असं मोझिलाने न्यायालयात सांगितलं होतं. प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर जगणारी स्पर्धा किती काळ टिकणार, ही माझी खरी काळजी आहे.

ॲपलचा पेच याहून अवघड. आयफोनवर कोणताही ब्राउझर घ्या, भारतात त्याच्या आत वेबकिटच असतं, कारण ॲपल दुसरं इंजिन चालू देत नाही. युरोपीय संघाने कायदा करून मार्च २०२४ पासून तिथे ही अट मोडली. माणसाला आपल्या फोनवर हवं ते इंजिन चालवता आलं पाहिजे, म्हणून मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. पण याच अन्यायकारक अटीमुळे संकेतस्थळं बनवणाऱ्यांना आज ब्लिंकपलीकडे पाहावं लागतं, हेही तितकंच खरं आहे. अट गेली आणि त्याच वेळी गेको अशक्त झालं, तर मोकळ्या झालेल्या दारातून एकटं क्रोम आत येईल. त्यामुळे अट मोडण्याइतकंच, दुसऱ्या इंजिनांना बळ देणंही निकडीचं आहे.

भारतात या प्रश्नाची जाण अर्धीच आहे. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आपली हुकमत वापरून कंपनीने क्रोमचं बाजारातलं स्थान राखलं, असाही निष्कर्ष त्यात होता. पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी एकूण ३.४१ कोटी रुपयांच्या बक्षिसांची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये ‘झोहो’ या कंपनीला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांचा ‘उला’ ब्राउझर क्रोमियमवर बांधलेला आहे. झोहोने खासगीपणाची काळजी घेतली आहे आणि त्या कामाचा मला आदर आहे. पण इंजिन तेच असेल तर वेबवर आपलं म्हणणं वाढलेलं नाही.

वाचकाने करण्यासारखं फार नाही, पण आहे. फोनवर फायरफॉक्स ठेवावा. अँड्रॉइडवर त्यात एक्स्टेन्शनही चालतात, जी क्रोममध्ये चालत नाहीत. एखादा अर्ज त्यात अडला की क्रोमकडे वळण्याआधी तक्रार नोंदवावी, कारण वापरणारे मोजणीत दिसले नाहीत की त्यांच्यासाठी तपासणीही होत नाही. प्रवेशाचे, दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘क्रोममध्येच उघडा’ हा सल्ला सेवा केंद्रांतून आज सहज दिला जातो. वीस वर्षांपूर्वी त्याच जागी एक्सप्लोररचं नाव होतं.

मोठं काम सरकारकडे आहे. सरकारी संकेतस्थळं वेगवेगळ्या ब्राउझरांवर तपासावीत, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. महाराष्ट्र शासनाने ते निविदेत अट म्हणून घालावं: ब्लिंक, वेबकिट आणि गेको या तिन्हींवर, देवनागरीत नाव-पत्ता लिहून, अर्ज पहिल्या पानापासून पावतीपर्यंत भरून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही. आणि पुढच्या वेळी बक्षीस जाहीर करताना ते नव्या इंजिनाच्या कामासाठी करावं. मोझिलाने सुरू करून सोडलेलं ‘सर्वो’ आज लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली वाढतं आहे. ‘लेडीबर्ड’ एक ना-नफा संस्था पायापासून बांधते आहे. दोन्हींचा कोड खुला आहे, आणि भारतीय लिप्यांची कसून तपासणी करायला आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं उद्या सकाळीही सुरुवात करू शकतात.