उन्नती कोठून येते?

स्तोत्र ७५:६ मधील ‘हारीम’ या इब्री शब्दापाशी भाषांतरकाराला थांबावेच लागते. त्याचा अर्थ ‘पर्वत’ होतो, तसाच ‘उंचावणे’ही. पुढच्याच वचनात देव एकाला उतरवितो व दुसऱ्याला चढवितो, म्हणून मला दुसरा अर्थ मान्य आहे.

प्रिय वाचकहो, बेल्जियमच्या एनो प्रांतातील ला लुव्हियेर हे जुने कोळसा-पोलादाचे गाव. २००३ साली राष्ट्रीय चषक जिंकलेला तेथील फुटबॉल क्लब २००९ मध्ये लयास गेला. २०१७ मध्ये नवा क्लब खालच्या श्रेणीत उभा राहिला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. गावाला हर्ष झाला, तो रास्तच! पण त्याच वर्षी कोर्ट्राइक व बेरस्खोत हे संघ त्या श्रेणीतून खाली आले.

या गावाजवळच्या कालव्यावर नावा उचलणारी जुनी यंत्रे आहेत. पाण्याने भरलेल्या दोन टाक्या. एक जड होऊन खाली जाते, तेव्हाच दुसरी वर येते. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूने उतरणारी टाकी स्वेच्छेने पत्करली, वधस्तंभापर्यंत.

मंडळीच्या निवडणुकीत तुम्हांस पंचपद लाभले असेल, तर ज्याचे पद गेले त्याच्या घरी या आठवड्यात प्रार्थनेस जाल काय?