एका दिवसाच्या तीन तारखा

मराठवाड्यातल्या शाळांमध्ये परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाले की दिनविशेष येतो. एक विद्यार्थी पुढे होऊन आजच्या तारखेला कोण जन्मले, कोण गेले, काय घडले ते वाचतो आणि त्यावर दोन-चार प्रश्न विचारले जातात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर हाच दिनविशेष चार पर्यायांसह रोज येऊन पडतो. ही सवय चांगली आहे. आपण जगतो तो दिवस आपल्या आधीही कुणीतरी जगून गेले आहे, याची जाण मुलांना त्यातून येते.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत मात्र ही प्रश्नमंजूषा एका जुन्या धार्मिक प्रश्नापाशी अडते. साईबाबांचा जन्म कधी झाला?

बाबा मूळचे आपल्याच गावचे, हा पाथरीचा दावा हवेतून आलेला नाही. आपण पाथरीच्या ब्राह्मण घरातले, लहानपणीच एका फकिराच्या हाती सोपवले गेलो, असे बाबांनी त्यांचे भक्त म्हाळसापती यांना सांगितल्याची आठवण चरित्रकार नरसिंहस्वामींनी नोंदवून ठेवली आहे. १९७०च्या दशकात अभ्यासक वि. बा. खेर यांनी पाथरीत जाऊन चौकशी केली आणि भुसारी घराण्यापर्यंत माग काढला. त्या घराण्याच्या घराच्या जागी आज मंदिर आहे. दुसरीकडे, गोविंद रघुनाथ दाभोळकरांचे साईसच्चरित सांगते की बाबांचे आईवडील, जन्म, जन्मस्थान यांतले काहीच कुणाला ठाऊक नव्हते. जानेवारी २०२०मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली, तेव्हा ‘जन्मस्थान’ या उल्लेखावरून बाबांची कर्मभूमी असलेल्या शिर्डीत बंद पाळला गेला. मूळ गावाच्या हक्कावरून पाथरीने याआधी युद्धही पाहिले आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्या वतनाच्या गावासाठी बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकात वऱ्हाडच्या इमादशाहीवर चाल केली होती.

जन्मगावाबद्दल निदान एक आठवण, एक शोध आहे. जन्मतारखेला तेवढाही आधार नाही. तरीही २८ सप्टेंबर ही तारीख कधी १८३५, तर कधी १८३८ सालासह फिरत असते. प्रश्नमंजूषेला रिकामी जागा सोसत नाही, म्हणून ती भरली जाते.

बाबांच्या जाण्याचा दिवस मात्र नेमका ठाऊक आहे: मंगळवार, १५ ऑक्टोबर १९१८, दुपारी अडीचच्या सुमारास. पण त्या दिवसाची ही एकच ओळख नव्हती. हिंदू पंचांगात ती शके १८४०ची आश्विन शुद्ध दशमी, म्हणजे विजयादशमी होती आणि हिजरी कालगणनेत मोहरमची नववी. मशिदीत राहून धुनी पेटती ठेवणारा, ओठांवर ‘अल्ला मालिक’ असलेला हा फकीर गेला, तो दिवस तीन कालगणनांत नोंदला गेला आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी पुढे फिरू लागला.

शिर्डीत पुण्यतिथी विजयादशमीलाच होते, १५ ऑक्टोबरला नाही. समाधी शताब्दीचा सोहळाही ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झाला आणि २०१८च्या दसऱ्यापर्यंत चालला. मग ‘तोच दिवस’ कोणता मानायचा? तारीख परतते तेव्हा पृथ्वी सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करून आलेली असते. तिथी परतते तेव्हा सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर पुन्हा तेवढेच झालेले असते. दर बारा अंशांना एक तिथी. हिजरी तारीख केवळ चंद्रावर चालते, म्हणून दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरते. यांतली एकही खोटी नाही. आकाशातले काहीतरी खरोखर पूर्वीच्या जागी येते; ते काय, एवढाच फरक.

कोणता दिवस मानायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने शिवजयंतीच्या निमित्ताने दीर्घकाळ सोसला आहे. शिवरायांचा जन्मदिवस शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७, की शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १६३०? लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या कालक्रमनोंदींनी, दुसऱ्या तिथीला बळ दिले. पुढे राज्य सरकारने इतिहासकारांची समिती नेमली आणि अखेर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ती जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या गणनेने तो दिवस १ मार्च ठरतो. रायगडावर राज्याभिषेक दिन आजही ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, असा दोनदा साजरा होतो.

शिवरायांच्या तारखेसाठी कागद होते, म्हणून वाद घालणे हे विद्वानांचे कर्तव्यच होते. बाबांच्या जन्मासाठी कागद नाहीत आणि विचारणाऱ्यांना स्वतः बाबांनीही सरळ उत्तर दिले नाही. तिथे तारीख बनवणे हा इतिहासाचा अपराध आहे, तसाच भक्तीचाही. ज्याने आपले कूळ आणि जात लोकांसमोर कधी उघडपणे मांडली नाही, त्याला चार पर्यायांत बसवण्याची घाई कशासाठी? श्रद्धेला परतून येणारा एखादा दिवस लागतो हे खरे. पण तो जन्माचाच असला पाहिजे, असा नियम नाही.

बाबांच्या हयातीतल्या भक्तांना हे उमगले होते. गोपाळराव गुंडांनी १८९७मध्ये शिर्डीत उरूस सुरू केला, तो रामनवमीला. १९१२पासून त्यालाच रामजन्मोत्सवाचे रूप आले आणि संदलची मिरवणूकही चालू राहिली. ज्याच्याभोवती हा सगळा सोहळा होता, त्याचा वाढदिवस कोणता, हे त्यासाठी ठरवावे लागले नाही.

पाथरीच्या शाळेत १५ ऑक्टोबरला साईबाबांवर प्रश्न विचारायचाच, तर तो असा विचारता येईल: विजयादशमी आणि मोहरमची नववी पुन्हा कधी एकत्र आल्या? मुलांना जुनी पंचांगे आणि दिनदर्शिका चाळाव्या लागतील, अधिक मास कशासाठी असतो हे समजून घ्यावे लागेल, घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल. त्यांना सापडेल की २०१६मध्ये ११ ऑक्टोबरला आणि २०१७मध्ये ३० सप्टेंबरला या दोन्ही तिथी भारतात एकाच दिवशी आल्या होत्या. दोन्ही वेळा १५ ऑक्टोबर नव्हता.