तेल वर पोचेपर्यंत

आई अंबाबाई, तुझ्यापुढे हात जोडायचे तर आधी ते स्वच्छ हवेत, आणि हे काही स्वच्छ होत नाहीत. साबण झाला, लिंबू झालं, धुण्याच्या पावडरीत साखर घालून चोळून झालं. नखांच्या कडेची काळी रेघ जात नाही. तसाच आलोय. चालवून घे.

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पद्मिनी उभी आहे. बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय, आणि इंजिनाच्या जागी थेट खालची फरशी दिसते. इंजिन बाहेर टेबलावर आहे, तेही एकसंध नाही. पिस्टन परातीत, आठही वॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून रांगेत खोचलेले, नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. संध्याकाळी दिवा लावला की हा पसारा एकदम अंगावर येतो आणि पोटात गोळा उठतो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझ्याच हातांनी खोललंय, आई, आणि आता याच हातांनी परत जोडायचंय.

मला घाई करू देऊ नकोस.

मला घाई करू देऊ नकोस, आणि ज्या डब्यात हात घालीन त्याच्यावरची चिठ्ठी आधी वाचायची बुद्धी दे.

मागण्याआधी आभार मानतो. हे इंजिन माझ्यापुढे आलं ते किती हातांमधून आलं! अडुसष्ट मिलिमीटरचं बोअर आणि पंचाहत्तरचा स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून १,०८९ सीसी. हे माप १९३७ साली इटलीत, तुरीनला, फियाटच्या गाडीत आलं. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात हेच माप वर्षानुवर्षं बिडात उतरत राहिलं. जग कुठल्या कुठे गेलं, माप तेच. ब्लॉकच्या खालच्या कडेला कानशीचे तीन-चार फटकारे आहेत, शेजारी शेजारी, थोडे तिरके. ओतकामाची धार राहिली असेल, कुणीतरी कुर्ल्यात ती हाताने घासून काढली. घासली नसती तरी इंजिन चाललंच असतं, ती जागा कुणाच्या दृष्टीलाही पडत नाही. पण पुढे ब्लॉक उचलणाऱ्याचा हात कापू नये एवढं त्याच्या मनात आलं. तो कामगार आज कुठे असेल ते तुलाच ठाऊक. असेल तिथे त्याला सुखात ठेव. माझा हात कापला नाही, आई, एवढं त्याला कळव.

आणि या इंजिनावर मुंबईत ज्यांनी पोटं भरली, त्या टॅक्सीवाल्यांनाही तुझ्या पदराखाली घे. भर उन्हात, तुंबलेल्या रस्त्यात, गिअर टाकून टाकून त्यांनी हेच चार पिस्टन पळवले, बोअर खाल्लं की पुन्हा काढलं, पुन्हा पळवले. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. त्यांच्यासाठी ती भाकर होती. माझी नुसती हौस.

हौस म्हणालो, पण तेही पुरतं खरं नाही, आणि तुझ्यापाशी लपवून काय करू? मला गाडीची गरज नाही. भाजीला जायला स्कूटर आहे, पुण्याला जायला एसटी आहे. नोकरी संपली आणि घरात नुसता बसलेला माणूस सगळ्यांच्या पायात यायला लागला. आयुष्यभर या हातांनी कागदच हलवले. एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेली फाइल सोडली तर यांनी केलेलं असं काही कुठे दाखवता येत नाही. मला एकदा तरी एखादी गोष्ट शेवटापर्यंत स्वतःच्या हातांनी करायची होती. लोभ आहे हा, मला कळतं. चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं की मी मुद्दाम सहज आवाजात सांगतो, ‘काही नाही, इंजिन उतरवलंय,’ आणि समोरच्याच्या भुवया वर जातात त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेतो. गंजलेला स्टड हलेना की तुझं नाव घेतो. सुटला की माझंच कौतुक. असा आहे मी. तरीही ये.

थोडी ये, पण ये.

बोअर काढायला ब्लॉक उद्यमनगरात नेला होता. तिथल्या मिस्त्रींनी डायल गेज हातात घेण्याआधी नुसता अंगठा आत फिरवला आणि म्हणाले, ‘ह्यो तीन नंबर लई खाल्लाय, साहेब.’ मग गेज लावलं. काटा अंगठ्याच्याच बाजूने बोलला. त्यांनी आधी नवे पिस्टन मागून घेतले, एकेक मोजला, आणि ज्याच्या त्याच्या मापाने बोअर काढलं. शेवटी होनिंगचा दगड फिरवला तेव्हा मी वाकून आत पाहिलं. भिंतीवर बारीक तिरक्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, वरपासून खालपर्यंत. मला वाटायचं, सिलिंडर आतून आरशासारखा हवा. तर नाही. आरसा झाला की तेल धरत नाही. या ओरखड्यांतच तेल टिकतं, आणि त्याच्यावर रिंगा बसतात. आता इथे मला दृष्टान्त सुचायला लागलाय, आई, माणसाच्या आयुष्यावरच्या ओरखड्यांचा वगैरे. मला आवर. मी कीर्तनकार नाही. मला आज चार पिस्टनना रिंगा चढवायच्या आहेत.

आणि हात थरथरतात.

अलीकडेच सुरू झालंय. पेला उचलताना फारसं जाणवत नाही, बारीक कामाला जाणवतं. रिंग बिडाची, ठिसूळ. पिस्टनवर चढवताना गरजेपेक्षा केसभर जास्त फाकवली की कट्‌कन मोडते. थरथर कायमची घालव असं मी म्हणत नाही. वय झालं, तुझा हिशेब तुझ्यापाशी. रिंग खाचेत उतरेपर्यंत थांबव. एक उतरली की दुसरीच्या वेळी परत मागेन. तू कंटाळू नकोस.

आई, या सगळ्या कामात मी घाबरतो ते लोखंडाला नाही. लोखंड दिसतं, मोजता येतं. मी घाबरतो लोखंडा-लोखंडातल्या जागेला. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून थंड असताना दोघांमध्ये अंतर सोडावं लागतं. रिंगेच्या दोन टोकांमध्येही फट लागते. रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, फटीत फिलर गेजची पात घालून बघायची, पाव मिलिमीटरच्या आसपास. फट नाहीच ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि मोडता मोडता सिलिंडर ओरबाडते. फार ठेवली तर तेल जळतं, मागे निळा धूर. क्रँक आणि बेअरिंगमधलं अंतर तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचं, केसाच्या जाडीहून कमी. एवढ्याशा जागेत तेल शिरतं, आणि चालत्या इंजिनात क्रँक त्या तेलावर तरंगते. धातू धातूला लागतच नाही! मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. त्या एका सेकंदात चार सिलिंडर मिळून शंभर ठिणग्या पडतात, शंभर धक्के त्या क्रँकवर बसतात, आणि मध्ये काय, तर तेलाचा पापुद्रा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. मला करता येण्यासारखं काय आहे यात? लोखंड पुसणं, मोजणं, आवळणं. मधली जागा राखायची ती तू.

ती जागा तू राख.

माझ्या हातून आत कचरा जाऊ देऊ नकोस. धाग्याचं एक टोकसुद्धा नको. कॉटन वेस्टचे धागे सुटतात आणि तेलाच्या भोकात जाऊन बसतात, म्हणून हिने मला तिच्या जुन्या सुती साड्या फाडून दिल्या. धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या की एक धागा सुटत नाही. त्यातली एक आंबा रंगाची आहे, जरा झिजलेल्या काठाची. तिने ती फाडताना माझ्याकडे पाहिलं नाही, मीही काही बोललो नाही. तीन नंबरचं बेअरिंग मी त्या तुकड्याने पुसलं. तिचेही आभार तुझ्यामार्फतच मानतो, कारण तोंडावर मानले तर ती म्हणेल, आधी माझी परात द्या. परात तिची आहे, आई. आता स्वयंपाकघरात परत जाण्याच्या लायकीची उरलेली नाही. नवी घेऊन देईन.

तिचं एकच म्हणणं आहे: गाडी झाली की एका रविवारी जोतिबाला जायचं. वाडी रत्नागिरीचा चढ तुला ठाऊक आहे. दुसऱ्या गिअरवर का होईना, न थांबता चढू दे. वर पोचल्यावर ती नारळ फोडील, मी रेडिएटरकडे बघत उभा राहीन.

मापाचं मी तुला काय सांगावं? तुझ्या राउळात जानेवारीअखेरीला आणि नोव्हेंबरात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, आधी तुझ्या पायांवर, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. किरणोत्सवाला मी लहानपणापासून उभा राहत आलो. गर्दीत मान उंचावून बघायचं, कुणीतरी ओरडायचं ‘आलं, आलं’, आणि हात आपोआप जोडले जायचे. ज्यांनी ती दारं, ते खांब असे मांडले त्यांच्या हातात ना डायल गेज होतं ना मायक्रोमीटर. ढग आले तर किरण पोचत नाहीत, आडवी इमारत आली तर पोचत नाहीत. वाट मात्र त्यांनी मोकळी ठेवली. त्यांची विद्या मी मागत नाही. त्यांच्या धीरातला चिमूटभर दे.

आवळताना मला कुठे थांबायचं ते सांग. हेड बसवताना बोल्ट मधून सुरू करायचे, मग आलटून पालटून कडेकडे जायचं, एका दमात नाही, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना ‘टक्’ म्हणतो आणि माझा हात म्हणतो, अजून थोडं. तो हात धर. ॲल्युमिनियमचं हेड आहे, वाकडं झालं तर रुसून बसेल. खंडेनवमीला याच पान्यांना हळद-कुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून मी नमस्कार केलाय. त्या दिवशी त्यांच्यात तू होतीस, तशी टक् म्हणताना पण राहा.

बेअरिंगच्या टोप्या ज्याच्या त्याच्या जागी, ज्याच्या त्याच्या बाजूने बसू देत. पंचाने मारलेल्या खुणा मला चष्म्यातून दिसू देत. टायमिंगच्या खुणा जुळू देत. डिस्ट्रिब्यूटरच्या वायरी एक-तीन-चार-दोन अशाच लागू देत. शेजारचे अण्णा सल्ला द्यायला येतील; त्यांना खुर्ची देण्याइतकी माया आणि त्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करण्याइतकं शहाणपण, दोन्ही माझ्यात असू दे. रॉकेल मिळत नाही, डिझेलात धुतोय, त्याच्या वासाने घरातल्यांचं डोकं उठू नये.

आणि मग तो दिवस येईल. प्लग काढून ठेवून मी आधी नुसता सेल्फ मारीन, म्हणजे इंजिन मोकळं फिरेल आणि पंप तेल वर ढकलायला लागेल. मग प्लग लावीन. मग चावी. आई, खरी झीज तेव्हाच होते. धावताना तेल असतं, थांबल्यावर झीज नसते. चालू होतानाच्या पहिल्या काही क्षणांत, तेल अजून वाटेत असताना, धातू उघडा पडतो. तेवढ्या वेळात करण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. चावीवर हात ठेवून उभं राहायचं, बस.

नाहीच झालं चालू, तर पुन्हा खोलायची ताकद दे आणि हिला हसू येऊ दे. हेड पॅकिंग मात्र दुसरं शोधायला फार पायपीट होईल, तेवढं लक्षात असू दे.

झालं चालू, तर पहिले दोन-चार क्षण तू सांभाळ. तेल वर पोचेपर्यंत. पुढचं पंप बघून घेईल.